डोळे शेवटी लावायचे

आत्याला कुणी विचारलं, काय करता, तर ती दोन शब्दांत सांगायची, "फळं कापते." समोरचा माणूस हसायचा. पुढचं कुणी विचारत नसे, आणि तीही सांगायला जात नसे. एका मोठ्या हॉटेलच्या थंड स्वयंपाकघरात तिनं अठ्ठावीस वर्षं फळं कापली. थंड स्वयंपाकघर म्हणजे जिथे चूल नसते; फळं, सॅलड, बर्फ आणि ओली फरशी. तिथल्या गारठ्यानं तिची बोटं कायम सुजलेली असायची. डाव्या तर्जनीचा शेंडा एका कापायच्या यंत्रानं नेला होता. लहानपणी मी विचारलं, "आत्या, शेंडा कुठे गेला?" तर म्हणाली, "सशानं खाल्ला. त्याला म्हटलं, उरलेलं राहू दे, मला कामावर जायचंय."

मेजवानी असली की ती कलिंगडाचं कासव करायची, पपईचे मासे करायची, सफरचंदाच्या सशांची अख्खी रांग लावायची. ताटं ढकलदारातून बाहेर जायची. दाराला एक गोल काच होती, त्यातून तिला वाढप्यांच्या पाठी दिसायच्या. शेवटी बडा आचारी उंच टोपी घालून बाहेर जायचा, वाकून नमस्कार करायचा आणि टाळ्या घेऊन यायचा. आत्याला टाळ्या ऐकू यायच्या. अठ्ठावीस वर्षांत तिचं फळ खाताना तिनं एकाही पाहुण्याला पाहिलं नाही. हे मी तिच्या तोंडूनच ऐकलंय, आणि तक्रार म्हणून नाही. तक्रार करायची तिला सवयच नव्हती. आमच्या घराला ते फार सोयीचं होतं.

शाळेची वसंतातली सुट्टी चार दिवसांची. आई-बाबा दोघंही नोकरीला, म्हणून दादाला आणि मला त्या चार दिवसांत आत्याकडे टाकलं जायचं. ती वर्षाची रजा साठवून तेव्हा घ्यायची. लग्न झालेलं नाही, पोरंबाळं नाहीत, मग हिला रजा कशाला हवी, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तिच्या दीड खोलीत टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही प्राणी करायचो. नाशपातीचा साळिंदर, त्याच्या पाठीवर अर्ध्या द्राक्षांचे काटे. केळ्याचा देठ चिरून डॉल्फिनचं तोंड. आणि ससे. सफरचंदाची फोड, तिच्या सालीवर व्हीसारखा काप, मधली साल काढून टाकायची, दोन टोकं सुरीनं हळूच उचलायची की झाले कान. मग मिठाच्या गार पाण्यात बुडवायचं. फोड काळी पडत नाही आणि कान ताठ होतात.

तिचा एकच नियम होता. डोळे शेवटी लावायचे. काडीनं टोचून मनुकेचा तुकडा बसवला, की त्यानंतर सुरी लावायची नाही. "डोळे लावलेल्याला फक्त दात लावायचे," ती म्हणायची. आम्ही हसायचो. हे तिनं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. मुलांच्या तोंडाकडे बघून तिला कळलं होतं.

ती निवृत्त झाली त्या वर्षी वहिनीच्या डोक्यात शिबिर आलं. वहिनी म्हणजे दादाची बायको. हुशार, चटपटीत, कुणाच्याही गळी काहीही उतरवील अशी. वसंताच्या सुट्टीत, राहत्या संकुलाच्या सभागृहात, चार ते आठ वर्षांची बावीस मुलं: फळांपासून गोड गोड प्राणी. वहिनी आत्याकडे गेली आणि म्हणाली, "आत्या, शिकवायचं तुम्हीच. समोर तुम्ही उभं राहायचं, मी फक्त धावपळ करीन."

आत्या आधी नको म्हणाली. मग दोन दिवसांनी तिनं मला फोन केला. "मुलांशी बोलताना आधी काय बोलतात गं?"

त्या महिन्यात मी तिला पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटताना पाहिलं. तिनं पांढरा एप्रन शिवून घेतला, पुढे मोठा खिसा असलेला. मला आणि माझ्या मुलीला खुर्च्यांवर बसवून तिनं तालीम केली. "मुलांनो, मी अमुक..." इथपर्यंत आलं की गाडी अडायची. "अमुक काय? फळं कापणारी म्हणू?"

"शिक्षिका म्हण," मी म्हटलं.

"चल! काहीतरीच." पण पुढच्या वेळी तिनं हळूच म्हणून पाहिलं. माझ्या मुलीनं टाळ्या वाजवल्या तेव्हा आत्या लाजून सिंककडे वळली आणि उगाचच धुतलेली सुरी परत धुवायला लागली.

शिबिराच्या सकाळी आम्ही तिघी सभागृहात पोचलो. वहिनीनं आत्याला दारातच गाठलं. "आत्या, एक सांगू? रागावू नका हं. तुम्ही आतल्या खोलीत बसून कापून द्याल का? तुमच्यासारखं कापायला कुणाला जमणार? बाहेर नुसता गोंगाट, तुम्हालाच त्रास." मग आवाज खाली आणून, "आणि एका आईनं बोटाचं विचारलं हो. मुलं घाबरतील म्हणे."

एप्रन घालून आलेल्या बाईला हे सांगायला जिभेला हाड नसावं लागतं. आत्यानं पिशवीतली सुरी काढली, "बरं" म्हणाली आणि आत गेली. वहिनीनं मला ताटं नेण्याआणण्याच्या कामाला लावलं. मी लागले.

आत्यानं फोडी कापल्या, सालीवर व्ही काढून दिले. मुलांना बोथट सुरीनं फक्त कान उचलायचे होते. मी ताट उचलताना ती म्हणाली, "तिला आठवण करून दे गं, डोळे शेवटी." मी बाहेर जाऊन सांगितलं. वहिनी कानात म्हणाली, "अगं, डोळ्यांशिवाय फोटोत काय दिसणार? नुसत्या फोडी!" आणि तिनं आधी डोळे लावायला सांगितले. बावीस ससे टकामका बघायला लागले. वहिनीनं भराभर फोटो काढले. मुलांनी सशांना नावं दिली, एकानं तर पापाही घेतला. मग वहिनी म्हणाली, "चला, आता सुरी घ्या आणि सालीखाली घाला."

पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीनं विचारलं, "त्याची कातडी काढायची?"

वहिनी म्हणाली, "कातडी नाही गं राणी, साल."

"पण तो बघतोय."

तिनं सुरी टाकून भोकाड पसरलं. शेजारचा रडला, मग त्याच्या शेजारचा. पाच मिनिटांत सभागृहात रडारड. कुणी ससा खिशात लपवला, कुणी टेबलाखाली घेऊन बसलं. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं मला खूण केली: आत्याला बोलाव.

आत्या हात पुसत आली. काय झालं ते तिला बघताक्षणी कळलं. तालीम केलेलं एकही वाक्य तिनं वापरलं नाही. पहिल्या चिमुरडीच्या टेबलाशी गुडघे टेकून ती म्हणाली, "अगंबाई, हा तर जागाच आहे! जाग्या सशाला कान कसे फुटतील? झोपवा बरं आधी. डोळे काढून ताटलीत ठेवा, जपून. आणि हळू बोला, उठेल."

बावीस मुलं कुजबुजायला लागली. डोळे ताटल्यांत गेले, कान उचलले गेले, एकेक ससा मिठाच्या पाण्यात आंघोळ करून आला. मग ती म्हणाली, "आता उठवा." डोळे परत बसले. मुलं ओरडली, हसली आणि कराकरा ससे खाऊन मोकळी झाली. त्या चिमुरडीनं आत्याचं ते आखूड बोट धरून ठेवलं होतं. आत्या खाणाऱ्या मुलांकडे बघत सभागृहाच्या मधोमध उभी होती, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की माझी नजर हटेना. मला भयंकर आनंद झाला, हे मी कबूल करते.

न्यायला आलेली एक आई दारातून हे सगळं बघत होती. ती वहिनीला म्हणाली, "किती छान सुचलं हो! त्या कोण?"

वहिनी क्षणभरही अडखळली नाही. "आमच्या मदतनीस. मीच त्यांना सांगून ठेवलं होतं, मुलं रडली तर असं असं करा." आणि माझ्याकडे वळून, "हो ना गं?"

मी ताट घेऊन शेजारीच उभी होते. मी ऑफिसातून येईपर्यंत माझ्या मुलीला रोज वहिनी सांभाळते. मी मान हलवली. वर हसलेसुद्धा. मग पाहिलं तर आत्या चार पावलांवर होती, रिकामी पातेली उचलत.

परतताना आम्ही तिघी चालत होतो. पिशवी माझ्या हातात होती. माझ्या मुलीनं विचारलं, "आई, आत्याआजी मामीची मदतनीस आहे का? मामी त्या काकूंना असं का म्हणाली?" त्या काकू म्हणजे दारातली ती आई.

मी घाईघाईनं म्हटलं, "वहिनीनं असं बोलायला नको होतं, आत्या."

"तिचं सोड गं. तिला शिबिर चालवायचंय," आत्या म्हणाली. "तू मान हलवलीस."

मग मी बोलत सुटले. वहिनीशी वाकडं घेतलं तर पोरीला कोण बघणार, दादाला काय वाटेल, चारचौघांत तमाशा नको. "खरंय," ती म्हणाली. "माझं तरी कुठे काही म्हणणं आहे?"

तिच्या दाराशी तिनं पिशवी घेतली, माझ्या मुलीच्या गालावरून हात फिरवला, मला "सावकाश जा" म्हणाली आणि दार लावलं. मी लहान असल्यापासून, आम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत ती दारात उभी राहायची.