बदकिणीला टाकलेली पोळी

मंडळी, आज स्वतःचीच चीड आलीय, म्हणून लिहितेय.

नवऱ्याच्या आयटीच्या कामामुळे आम्ही जपानमध्ये सेंदाईत राहतो. शेजारचे म्हातारे सातो-सान आज आम्हा दोघांना समुद्रकिनारी घेऊन गेले. तिथे एक बदकीण अंड्यांवर बसली होती. ते तिला रोज लांबूनच दुर्बिणीतून बघतात.

मला वाटलं, बिचारी उपाशी असेल. मी पुढे जाऊन डब्यातली पोळी कुस्करून टाकली. बदकीण घाबरून उडाली. पोळीला कावळे आले आणि त्यांनी अंडी फोडली.

"अगं, अंडीच तर होती," नवरा म्हणाला.

सातो-सान वाकून पोळीचे तुकडे वेचत राहिले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

भूक आहे का, हे न बघताच भरवायचं आणि वर त्याला माया म्हणायचं. हे आपल्याला कोणी शिकवलं हो?