साहेबरावांची पिवळी रेघ

शनिवारी सकाळी नऊपासून पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत एकच प्रकार चालला होता. आधी हातोडीचा ठण् आवाज, आणि त्यामागोमाग साहेबरावांची शिवी. शिवी होती त्यांच्या गाडीच्या डाव्या चाकामागचे दोन बोल्ट कधीकाळी आवळून गेलेल्या माणसाला.

"अक्कल गहाण ठेवून पाना धरला व्हता काय यानं?" चाकाच्या पोकळीत डोकं घालून ते विचारत होते. मधे दोनदा गाडी गॅरेजला गेली होती. तेवढ्यावरून त्यांनी सगळं खापर त्या गॅरेजवाल्यावर फोडलं होतं. तो बिचारा कुठं असेल तिथं उचक्यांनी बेजार झाला असेल.

साहेबराव चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. बोल्टापुढं हार मानणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. उजवीकडचा शॉकअप, म्हणजे चाकाचे गचके झेलणारा दांडा, त्यांनी शुक्रवारी दोन तासांत बदलला होता, तिकडचे बोल्ट निमूट निघाले. डावीकडचे मात्र हलायला तयार नव्हते. गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरवून झालं, पान्याला हातभर पाइप लावून लोंबकळून झालं. पाना सटकून बोटाचं साल निघालं तेवढं, नट होता तिथंच.

घाई होती ती करुणासाठी. करुणा त्यांची थोरली, फर्दापूरला दिलेली. तिला आठवा महिना लागत होता आणि रविवारी तिला माहेरी आणायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, फक्त गचके नकोत. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात ती अशीच यायला निघाली होती. तेव्हा कारखान्यात मशीन बंद पडलं होतं. साहेबराव जादा पाळीला थांबले आणि त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "जीपनं ये." ती भाड्याच्या जीपनं, मागच्या बाकावर आदळत आली. चौथ्या दिवशी पोटातलं मूल गेलं. प्रवासाचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. पण करुणानं यंदा एवढंच सांगितलं होतं, "येईन तर पप्पांच्या गाडीत. नायतर इथंच बरी हाय."

अकराच्या सुमारास धाकटा अभय बाहेर आला. तो विम्याच्या हपिसात, त्याला पाना आणि पक्कड यांतला फरक सांगावा लागतो. "पप्पा, पाचपर्यंत नाय झालं तर मी चांगली मोठी गाडी भाड्यानं सांगतो. तायडीची समजूत मी घालतो."

"तिची समजूत घालायची नाय," साहेबराव पोकळीतूनच बोलले. "तिला आणायचंय."

अभय आत गेला. साहेबरावांना मात्र आता मनातून भीती वाटू लागली होती. बोल्टाची नव्हे, उद्या लेकीला फोन करावा लागेल याची.

भामाबाई चहा घेऊन आल्या. नवऱ्याचा अवतार पाहून त्यांना हसूही आलं आणि कीवही आली. "अहो, आधी धुऊन तरी बघा. आठ वर्सांचा चिखल बसलाय. त्याच्यात काय दिसनार तुम्हाला?"

फिटरला असलं शिकवलेलं आवडत नाही. पण चहा पिऊन झाल्यावर साहेबरावांनी रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेतला. चिखल गेला, ग्रीसचा काळा थर गेला, आणि नटावर एक पिवळी रेघ दिसली.

त्यांच्या कारखान्यात दंडक होता. नट पक्का आवळला की फिटरनं नटावरून बोल्टावर रंगाची रेघ ओढायची. नट जरा फिरला की रेघ तुटते, लांबूनही दिसते. प्रत्येकाचा रंग वेगळा. मशीन बिघडलं की सुपरवायझर पहिला प्रश्न विचारायचा, "रेघ कुणाची?" साहेबरावांचा रंग पिवळा होता. तेहतीस वर्षांत ती रेघ कधी तुटली नव्हती, आणि हे ते पाव्हण्यारावळ्यांनाही ऐकवत असत.

बराच वेळ आवाज येईना, तशा भामाबाई दारातून म्हणाल्या, "का हो, शिव्या संपल्या का?"

"गाढव सापडला."

"कोन?"

"मीच की."

मग त्यांना सगळं आठवलं. आठ वर्षांपूर्वी करुणा नुकती गाडी शिकली होती आणि एकटीच ही गाडी घेऊन जालना रोडला जायची. पोरीच्या हातात गाडीचा नट ढिला होऊ नये म्हणून त्यांनी कारखान्यातून औषधाच्या बाटलीत लाल गोंद आणून नटांना लावला होता. दिवसरात्र हादरणाऱ्या प्रेस मशीनचे बोल्ट ज्यानं घट्ट धरून ठेवतात, तो गोंद. गाडीला त्याची काडीची गरज नव्हती. बाटली डावीकडंच संपली असणार, म्हणून उजवे बोल्ट सुटले.

या गोंदापुढं तेल, हातोडी, शिवी, कशाचंच चालत नाही. तो फक्त उष्णतेला ऐकतो. समोरच्या रत्नमालाचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. साहेबरावांनी त्याच्याकडची गॅसची टॉर्च मागून आणली. ब्रेकची नळी सोडवून बाजूला बांधली, तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि नुसत्या नटावर ज्योत धरली. थोड्या वेळानं पांढरा धूर निघाला, जळका वास आला. त्यांनी पान्याला पाइप लावला आणि अंगाचा भार टाकला. टक् झालं. पिवळी रेघ मधोमध तुटली.

"निघाला!" भामाबाईच ओरडल्या. साहेबराव तुटलेल्या रेघेकडं बघत तसेच उकिडवे बसून होते.

दुसरा बोल्टही तसाच सुटला. चारच्या आत नवा शॉकअप बसला. या खेपेला गोंद नाही, नुसते नवे नट-बोल्ट. आवळून झाल्यावर त्यांनी पिवळी रेघ मात्र ओढली. मग चाकांचं अलाइनमेंट करून आणलं आणि अभयला म्हणाले, "तुझी मोठी गाडी राहू दे."

रविवारी फर्दापूरहून निघताना करुणाची शेजारची सीट त्यांनी मागं सरकवून दिली, कमरेला उशी दिली. दहा-बारा किलोमीटर झाले. मग रस्त्यावरची नजर न काढता साहेबराव म्हणाले, "पोरी, मागल्या खेपेला मी यायला पायजे होतं. जीपनं ये म्हनलो, ती चूक माझी."

करुणानं पोटावरचा हात उचलून बापाच्या सोललेल्या बोटावर ठेवला. "व्हय पप्पा," ती म्हणाली. "यायला पायजे होतं."

पुढं तिचा डोळा लागला. सिल्लोड कधी मागं पडलं, तिला कळलंही नाही.