दर्यासाब पाण्यात उतरत नव्हते

बावीस वर्षं समुद्रात बुडणारी माणसं बाहेर काढली म्हणणारा हा गृहस्थ, तटरक्षक दलातली नोकरी संपवून आमच्या झरी गावात परतला तो गुडघाभर पाण्यातही उतरेना. संशयाला आम्हाला एवढं पुरलं. बाकीचे विहिरीत धबाधब उड्या टाकायचे, हे काठावर बसून बघत राहायचे. आम्ही त्यांना 'दर्यासाब' म्हणत असू. त्यातला 'साब' आदराचा नव्हता.

दिवाळीला त्यांना कोकणातून सुक्या मासळीचं पार्सल यायचं. आमची गल्ली लिंगायतांची. वास घरोघर हिंडायचा. "एका कोळणीचा नवरा काढला व्हता वादळातून. याद ठेवती बिचारी," ते सांगत. "सोताच मागवत असतील," मी पारावर जाहीर केलं. त्यांचा एक कान हेलिकॉप्टरच्या आवाजाने गेलेला, गुडघे खाऱ्या पाण्याने. मी म्हणालो, "गुडघे तर आमच्या मायचेबी गेलेत. तिनं कंचा दर्या बघितला?" लोक खदखदून हसले आणि मला चेव आला.

एका दुपारी साबांना माझ्या शेततळ्यावर चहाला बोलावलं. कप त्यांच्या हाती दिला आणि पाय घसरल्याचं सोंग करून आत पडलो. पोहायला मला झकास येत होतं. "साब, मेलो! वाचवा!"

साब बसूनच. चहाचा घोट घेत म्हणाले, "वरडायलास ना? मग लय दम हाय तुझ्यात. चालू दे."

सापडला लबाड! खुशीत काठाकडे आलो, तर तळ्याच्या प्लास्टिकला शेवाळ धरलेलं. हात टेकला की सटकायचा. वर यायला काठाला दोर बांधून ठेवतात. तो बांधायचा आळस मीच केला होता. पोटऱ्यांत गोळे आले, नाकात पाणी गेलं. ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच निघेना.

तेव्हा साबांनी कप भिरकावला. दुसऱ्या क्षणी पाण्याच्या मोटारीच्या दोराला बांधलेला रिकामा कॅन माझ्या छातीवर आदळला. मी नाटक करत होतो, तेवढ्यात त्यांनी तो बसल्या बसल्या बांधून ठेवला होता.

बाहेर येऊन मी ओकत पडलो. "आत उतरलो असतो तर मिठी मारून मलाबी नेलं असतंस," ते म्हणाले. "एकदा होडी उलटली व्हती. दोघं पाण्यात. एक वरडायला, एक गप. मी वरडणाऱ्याकडं गेलो."

मग ते उठून भिरकावलेला कप शोधू लागले.

"काका, गावात सांगतो, मी चुकलो म्हणून."

"नको रं. उद्या समदे बुडून बघतील."

तरी मी पारावर सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून एकाने विचारलं, "सायबानं काय चारलं रं तुला?"

यंदा साब गेले. मयतीतही दोघं कुजबुजत होते, "ह्यानं कधी दर्या बघितलाच न्हवता म्हणं." कोणी सांगितलं, म्हणून विचारलं, तर दोघांनी माझ्याकडेच बोट केलं.