चार बोटं डावीकडे

घनश्यामची बायको कुंतावहिनी गेल्या पावसाळ्यात वारल्या, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. त्या असताना लिहिलं असतं तर घनश्यामनं पुन्हा माझं तोंड पाहिलं नसतं, आणि या गावात माझ्याशी धड बोलणारा तो एकच माणूस उरला आहे.

गावात कुणालाही विचारा. घनश्यामचे डोळे गेले होते, त्यानं ते लपवलं, म्हणून त्याचा पोरगा गेला, असं टपरीवर चहा पीत सांगतील आणि वर हळहळतील. याच लोकांचा धान त्याच्या बंदुकीनं वर्षानुवर्षं राखला. मला त्यांची चीड येते. पण वहिनी असेपर्यंत गप्प राहीन, असं मी घनश्यामला वचन दिलं होतं.

बंदूक त्याच्या वडलांची, पीक राखणीच्या परवान्यावरची. जुनी रायफल, प्रत्येक गोळीला हातानं बोल्ट मागे ओढून पुढे ढकलायचा. घनश्याम तिच्यावर बैलजोडीइतकी माया करायचा. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागे, तेव्हा हवालदारानं ती नीट ठेवली आहे की नाही हे बघायला हा पठ्ठ्या काहीतरी काम काढून तिकडे चकरा मारायचा. वनखात्याची परवानगी आली की रानडुकरांसाठी बंदूक उचलायची, एरवी नाही. काडतुसं मोजकी मिळत, त्यामुळे कापणीआधी नेम तपासून बघायची पद्धत आमच्याकडे नव्हतीच. मागच्या साली बरोबर होती म्हणजे यंदाही असणार. दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला की बंदूक तयार झाली, असं आम्ही सगळेच धरून चालायचो.

त्या साली त्याचा मुलगा निकेश पहिल्यांदाच बापासोबत धानाच्या बांधीत गेला. चांगला बावीस-तेवीस वर्षांचा, उंचापुरा पोरगा. दिवस कलला होता, पण उजेड होता. डुक्कर धानातून उजवीकडे तोंड करून बाहेर आलं. घनश्यामनं खांद्याच्या फऱ्यावर नेम धरला आणि गोळी मागे पोटात लागली. जखमी डुक्कर रानाकडे पळायचं सोडून शेताच्या कडेला धुऱ्यावर उभ्या असलेल्या निकेशवर गेलं. सुळ्यानं मांडीची मोठी शीर फाटली. दवाखाना लांब. आलापल्लीच्या रस्त्यावरच गाडीत, बापाच्या मांडीवर डोकं ठेवून पोरगा गेला.

तेरवी झाल्यावर वहिनी नवऱ्याला एकच वाक्य बोलल्या. "तुमचे डोळे गेले होते, तं मले सांगतलं काऊन नाई?" त्यानंतर त्या स्वयंपाक करत, ताट वाढत, पण त्याच्याशी बोलत नसत. घनश्यामही त्यांचंच खरं मानून बसला. चंद्रपूरच्या डॉक्टरनं डोळे तपासून ठीक आहेत म्हणून सांगितलं, ते त्याला पटलं नाही. अंगणात उन्हात बसून तो सुईत दोरा ओवायचा, काढायचा आणि पुन्हा ओवायचा. नाहीतर काठोकाठ भरलेला गिलास तळहातावर धरून पाणी हिंदकळतं का ते बघत बसायचा. हा माणूस एक दिवस जिवाचं काही करून घेईल, अशी मला धास्ती बसली होती.

पोलिसांची चौकशी संपून जप्त झालेली बंदूक परत मिळायला दुसरा उन्हाळा उजाडला. ती घेऊन तो सरळ माझ्या घरी आला. "गुणवंतभाऊ, मले एकदा पाहू दे," तो म्हणाला. "माहा हात होता का माहे डोळे होते, तेवढंच. मंग मी मराले मोकळा."

हे ऐकल्यावर त्याला एकटा सोडणं शक्यच नव्हतं. ठाण्यात कळवून, पोलीस पाटलाची परवानगी घेऊन आम्ही सकाळी गावतलावावर गेलो. उन्हाळ्यात तलाव आटतो, आणि त्याची मातीची पाळ अशी जाड की गोळी पलीकडे जाणं नाही. पाळीला पुठ्ठा टेकवून मी त्यावर कोळशानं गोल काढला. त्या दिवशी होतं तेवढं अंतर घनश्यामनं धरलं. नळी हलू नये म्हणून कोंड्यानं भरलेल्या पोत्यावर बंदूक टेकवली आणि चाप ओढला.

गोळी डावीकडे लागली. घनश्यामनं मान खाली घातली. "पाह्यलं? डोळेच हाय," तो म्हणाला. मीच त्याला पुन्हा मारायला लावलं. दुसरी पहिलीच्या शेजारी बसली. तिसरी त्या दोघींना खेटून. तिन्ही भोकांवर एक वाटी पालथी घातली असती तर झाकली गेली असती, पण ती वाटी गोलापासून चार बोटं डावीकडे ठेवावी लागली असती.

मला त्यातलं काही कळेना. घनश्याम पुठ्ठ्यासमोर उभा राहून भोकांवरून बोट फिरवत होता. "हात हालला असता तं गोळ्या पांगल्या असत्या, भाऊ," तो म्हणाला. "दिसलं नसतं तरी पांगल्या असत्या." मग तो तिथेच भेगाळलेल्या चिखलात बसला आणि हमसून हमसून रडला. निकेश गेल्यापासून मी त्याला रडताना पहिल्यांदा बघितलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

तेवढ्यावर आम्ही घरी गेलो असतो तर किती बरं झालं असतं. पण बंदूक डावीकडे का मारते, हे कळल्याशिवाय तो उठेना. नेम धरायची पुढची माशी वाकली नव्हती. स्क्रू घट्ट होते. मग त्यानं काठावरच्या झुडपाचं तेंदूचं पान तोडलं आणि नळी आणि खालचं लाकूड यांच्यामधून सरकवायला लागला. गोळी सुटताना नळी थरथरते, तिला मोकळीक लागते, ती अडली तर गोळी एका अंगाला जाते, म्हणून तिथे पानाएवढी फट ठेवलेली असते, असं त्यानं मला समजावलं. पान सरकत आलं आणि मध्येच अडलं.

तिथे नाडा होता. पूजेचा लाल नाडा, नळी आणि लाकूड दोन्ही मिळून गच्च आवळलेला, हळदीनं आणि तेलानं वाळून कडक झालेला. घनश्यामनं तो चाकूनं कापला. पान सरळ पार गेलं. पुढची गोळी कोळशाच्या गोलाच्या मधोमध लागली.

मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. चल, आत्ताच्या आत्ता वहिनींना सांगू, सगळ्या गावाला सांगू, असं मी म्हणत होतो. तो हलला नाही. हातातल्या नाड्याकडे बघत, हळू आवाजात तो सांगायला लागला. एरवी दसऱ्याला वहिनी बंदुकीला नुसतं हळदकुंकू लावत. त्या साली पोरगा बंदुकीबरोबर जाणार होता, म्हणून त्याच्या रक्षणासाठी त्यांनी जत्रेतून नाडा आणला होता. तो भिजवून स्वतः गुंडाळला आणि दातांनी ओढून गाठ मारली. बंदूक हलू नये म्हणून घनश्यामच ती धरून बसला होता.

"हे तिले समजलं तं ते जगन काय?" त्यानं विचारलं.

मी भांडलो. जन्मभर लोकांचे बोल खाशील, बायको ताटापुरती उरेल, तुझं चुकलं नाही हे तुझ्याच घरात कुणाला कळायला नको का, असं बरंच बोललो. "मले समजलं ना," तो म्हणाला. "पुरते." आणि माझ्याकडून वचन घेतलं.

त्याच्या घरी आलो तेव्हा वहिनी अंगणात वाळत घातलेली मोहफुलं सारखी करत होत्या. बार त्यांनी ऐकले असणार. इतक्या काळात पहिल्यांदा त्या आपणहून बोलल्या. "काय निंगालं?"

"डोळेच," घनश्याम म्हणाला. "तू म्हणत होती तेच."

त्यांनी मान हलवली. मग त्यांची नजर बंदुकीवर गेली आणि नाडा कुठी गेला, असं त्यांनी विचारलं. उंदरानं कातरला असन, असं तो सहज म्हणाला. वहिनी घरात गेल्या आणि देवापाशी जपून ठेवलेला उरलेला नाडा घेऊन बाहेर आल्या. पोरगा गेला तरी तो त्यांनी फेकला नव्हता. त्या बंदुकीकडे वळल्या तसा घनश्यामनं नळीवर हात ठेवला.

"तिले नको बांधू. उद्या ठाण्यात जमा करून देतो, कायमची," तो म्हणाला आणि त्यानं आपलं मनगट पुढे केलं.

वहिनींनी त्याचा हात हातात घेतला, वेढ्यावर वेढे घातले आणि दातांनी ओढून गाठ मारली. मी दारात उभा होतो, आणि मला दुसरीकडे बघावं लागलं.

"लय घट्ट झाला काय?" त्यांनी विचारलं.

"नाई," घनश्याम म्हणाला. "राहू दे असाच."