भिंगारच्या पेठेतली मिरवणूक

आमच्या हक्क मंडळाच्या वर्धापनदिनाला जिल्हाभरातून माणसं भिंगारला आली होती. त्यांत पारनेरकडची एक म्हातारी होती. अंगावर हिरवं लुगडं, काखेत भाकरीचं गाठोडं. बोलण्याआधी पदर डोक्यावर नीट ओढून घ्यायची तिची सवय मला अजून आठवते. नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

मिरवणूक जुन्या पेठेत शिरली तेव्हा एक व्यापारी रस्त्यात आडवा उभा राहिला. "इथून तुमची माणसं चपला हातात घेऊन जातात. रीत आहे ती," तो म्हणाला.

वाजंत्री थांबली. पुढची दोन-चार माणसं खाली वाकलीसुद्धा. तेवढ्यात म्हातारी वाट काढत पुढं आली. तिनं पदर सारखा केला.

"दादा, लई वर्सं पाळली आमी तुमची रीत. माझा ल्योक पलटणीत हाय. सरकारचं बूट घालून लढाईला जातो, अन् ह्या पेठंत आला की त्येच बूट हातात घेतो. आता न्हाई घ्यायचा."

एवढं बोलून ती चपला घालूनच त्याच्या बाजूनं पुढं चालू लागली. मग हलगी कडाडली आणि आम्ही सगळे ताठ मानेनं तिच्यामागं निघालो.

पुढच्या वर्षी मिरवणूक त्याच पेठेतून गेली. कुणी आडवं आलं नाही. मी तिला गर्दीत खूप शोधलं. ती दिसली नाही. पण त्या वर्षी सगळ्यांच्या पुढं बायका चालत होत्या.