मामांचा कारल्याचा रस

रोह्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर माझे मामा मोबाईलवरचे व्हिडिओ बघून वैद्य झाले. येईल त्याला लसणाचे आणि जवसाचे गुण ऐकवत. चहा मात्र विचारत नसत. मागच्या वर्षी त्यांनी मामीच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आणि तिला रोज कारल्याचा रस पाजायला लागले.

मी पेणहून भेटायला गेले, तेव्हा मामी सुकून काटकी झाली होती. ओट्याला धरून घटाघट पाणी पीत होती. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मामाही मागोमाग आले. रक्त तपासून डॉक्टर भडकले, "कारलं चांगलंच आहे हो, पण भाजी म्हणून! गोळ्या कुणी थांबवल्या?"

मामा छताकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "रस जरा पातळ झाला असणार."



आता मामी गोळ्या स्वतःच्या हाताने घेते. परवा तिने मला कारल्याचे कुरकुरीत काप वाढले. मामा बाहेर फोनवर कुणाला तरी मेथीदाणे भिजवायला सांगत होते.

"त्यांचं ऐकू नको गो," मामी म्हणाली. "स्वतः कधी कारल्याला हात लावत नाय. कडू लागतं म्हणे."