आरामाची चिठ्ठी

आमच्या घरात कामं सांगून होत नाहीत, खेळून होतात. दर रविवारी पोहे-जिलबी झाली की माझ्या सासूबाई, शशिकलाबाई, फरशीवर खडूनं पंचवीस घरांचा अष्टचंगचा पट काढतात. फासे म्हणजे चार फोडलेले चिंचोके, आणि सोंगट्या पितळेच्या. सासरे पोलोग्राउंडच्या कारखान्यात होते तेव्हा त्यांनी लेथवर काढलेल्या. ज्याच्या चारही सोंगट्या आधी मधल्या घरात पोचतील त्यानं समोर ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून आधी काम उचलायचं. मागे राहील त्याला उरलेलं. हा नियम सासऱ्यांचा. ते गेले, नियम राहिला. देपालपूरहून लग्न होऊन आले तेव्हा मला हा निव्वळ खुळचटपणा वाटला होता. पहिल्याच रविवारी शेवटची येऊन आठवडाभर भांडी घासली, तेव्हा तर फारच.

सासूबाई बहुतेक वेळा पहिल्या येत आणि दरवेळी एकच चिठ्ठी उचलत: कचरा. सकाळी सातला गाणं वाजवत कचरागाडी आली की ओला आणि सुका असे दोन डबे घेऊन गेटपाशी जायचं. अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईंना यात काय मिळतं ते मला कळेना, म्हणून एकदा मागोमाग गेले. गाडी जेमतेम पाच मिनिटं थांबते. तेवढ्यात आई, म्हणजे सासूबाई, समोरच्या आनंदीबाईंच्या ओल्या डब्यातून दुधाची पिशवी बाहेर काढून त्यांना दाखवत होत्या, कुणाच्या तरी नातवाच्या परीक्षेची चौकशी करत होत्या आणि गाडीवरच्या मनीषला मफलर घातला नाही म्हणून झापत होत्या. पायाशी आमचा कुत्रा गराडू. हिवाळ्यात सराफ्यातल्या खाऊगाड्यांवर तळून मिळणाऱ्या गराडू कंदासारखाच तांबूस म्हणून हे नाव. शाळा सुटली तरी आईंचा वर्ग भरत होता.

दिवाळीच्या आधी अंगण धुताना त्या घसरल्या आणि घोटा मोडला. तीन महिने घर. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन थोडं थोडं चालू द्या. माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, त्यातला ‘थोडं’ एवढाच शब्द ऐकला.

"आई, कचऱ्याचं काम तू विसरून जा," तो म्हणाला. "फालतूची जिद नको. गेटपाशी किती गीलं असतं सकाळी."

"इस घर में काम कोण ठरवतं?" आईंनी विचारलं. "तू की पट?"

"पट."

"मग मांड रविवारी. मला माझे डबे परत पाहिजेत."

शनिवारी स्वयंपाकघरात निखिलनं मला त्याचा बेत सांगितला. माणसं चार, म्हणून चिठ्ठ्याही चार. कचरा आणि गराडूला फिरवणं तसंच ठेवून त्यानं बाजार आणि भांडी एका चिठ्ठीत घातली, आणि मोकळ्या झालेल्या चिठ्ठीवर लिहिलं: आराम. आपण दोघांनी आईच्याच सोंगट्या मारत राहायचं, म्हणजे आई शेवटी राहील. बाकीची कामं आपण आणि आपली अकरा वर्षांची मधुवंती उचलू, आणि आईसाठी आराम उरेल. मला बेत झकास वाटला. आज सांगताना लाज वाटते, पण वाटला खरा.

रविवारी खेळ सुरू झाला. आईंनी चारही चिठ्ठ्या वाचल्या, चष्म्यावरून निखिलकडे बघितलं आणि चिंचोके टाकले. आम्ही ठरल्याप्रमाणे त्यांच्या मागे लागलो. त्यांची पहिली सोंगटी मी मारली, दुसरी निखिलनं. त्यांना गाठायचं म्हणून आम्ही आमच्या सोंगट्या बाहेरच्याच फेरीत दबा धरून बसवल्या, आत नेल्याच नाहीत. आणि आमचा सगळा जीव आईंवर टांगलेला असताना मधुवंतीच्या सोंगट्या एकेक करून मधल्या घरात जाऊन बसल्या. तिला कुणी मारायलाच गेलं नव्हतं.

"मी पहिली," ती म्हणाली आणि तिनं चिठ्ठी उचलली. आराम.

"ती ठेव परत," निखिल म्हणाला. "ती आजीची आहे."

"पण पप्पा, नाव कुठे लिहिलंय? आराम मिळत असेल तर मी भांडी का घेऊ?"

"पहिला येईल तो हवी ती उचलेल," आई निखिलला म्हणाल्या. "चल, तुझा डाव आहे."

आता दुसरा नंबर कुणाचा, एवढाच प्रश्न उरला. दबा धरून बसलेली निखिलची सोंगटी आईंनी मारली. मग चंग पडला, चार घरं; मग अष्ट, आठ घरं. आमच्या सोंगट्या बाहेरच, त्यांच्या आत. पाचव्या डावाला त्यांची शेवटची सोंगटी मधल्या घरात पोचली.

"दोघं मिळून मलाच मारत बसलात," त्या म्हणाल्या, "मग घरी कोण जाणार होतं रे?" आणि त्यांनी कचरा उचलला.

सोमवारी सातला गाडीचं गाणं ऐकू आलं. एका हातात काठी, एका हातात डबा, अशा त्यांनी दोन खेपा केल्या. माझ्या वाट्याला गराडू आला होता, म्हणून त्याची साखळी धरून मी मागे. मनीष डबा घ्यायला खाली उतरला.

"लाओ आंटीजी, मैं डाल देता हूँ."

"हात लावायचा नाही. मफलर कुठाय?"

आनंदीबाईंनी तर आपला डबा स्वतःहूनच पुढे केला. "बघा बाई, आज सगळं अलग केलंय," त्या म्हणाल्या. आईंनी वाकून बघितलंच.

बुधवारपर्यंत मधुवंतीनं आराम केला. तिला कुणी काही काम सांगेना, साखळी धरू देईना, ताट उचलू देईना. संध्याकाळी ती आजीजवळ येऊन बसली. निखिल सिंकपाशी भांडी घासत होता.

"आजी, आरामात करायचं काय असतं? सगळे काम करून राहिलेत आणि मी नुसती बसलीय. बिलकूल अच्छा नाही वाटत."

"मला विचार," आई म्हणाल्या. "मी तीन महिने केलाय."

सिंकपाशी नळ बंद झाला. निखिल ओल्या हातानं बाहेर आला, मधुवंतीनं वहीत ठेवलेली ती आरामाची चिठ्ठी काढली आणि फाडून दाराशी ठेवलेल्या डब्यात टाकली.

आईंनी काठीनं शेजारचा डबा दाखवला.

"कागद सुक्यात, निखिल."

त्यानं वाकून तुकडे वेचले आणि सुक्यात टाकले.